या हाताला काम देऊ नये

२ डिसेंबर

दंतवैद्यांनो, आणि माळ्यांवर, तळघरांत, दिव्याखाली मान मोडून दात घडवणाऱ्या कारागिरांनो,

तुमचं आमचं एक दुखणं सारखं आहे. जे काम महिन्या-दोन महिन्यांत कचऱ्याच्या डब्यात जाणार, ते चांगलं करायला आपल्याला कुणी शिकवत नाही. ते बिघडलं की बोट कुणाकडे दाखवायचं, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. तात्पुरती कॅप! पक्की कॅप तयार होईपर्यंत घासलेल्या दातावर चढवायची टोपी. ती निसटली की डॉक्टर म्हणतो लॅबचं काम कच्चं, लॅब म्हणते डॉक्टरचं माप चुकलं, आणि पेशंट बिचारा एका गालाने चावत राहतो.

आजच्या वार्षिक सभेत या विषयावर माझा थोरला भाऊ बोलणार होता. तीस वर्षं तो मागच्या रांगेतून उठून बोलत आला आहे. लॅबवाल्यांच्या खुर्च्या मागेच मांडतात, हे तुम्ही जाणता. यंदा तो येणार नाही. त्याच्याऐवजी आम्हा दोघांची पत्रं तुमच्या हातात देते आहे. माझी मी सुधारलेली नाहीत. एका ठिकाणी तसा फार मोह झाला.

त्याची धाकटी बहीण, दंतवैद्य

•

११ मार्च

चिंगे,

फोन असताना पत्रं लिहिणारी आपण दोघंच उरलो असू, असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हटलं, फोनवर चिंगी मला वाक्य पुरं करू देत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

बातमी अशी, की मालकांनी माझं टेबल बदललं. पक्क्या कॅपांवरून मी आता खिडकीजवळ, तात्पुरत्या कॅपांच्या टेबलावर. लगेच भुवया चढवू नकोस. दोन नव्या मुली आल्या आहेत, त्यांना वळण लावायला जुनं खोड हवं होतं.

परवा एकीला विचारलं, "हिची कड अशी फाटकी का सोडलीस?" तर म्हणते, "काका, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." माझं डोकं सणकलं. पंधरा दिवसांत माणूस तीस वेळा जेवतो, शंभर वेळा हसतो, हजार वेळा आवंढा गिळतो! तेवढ्या वेळा ती फाटकी कड हिरडीत घुसणार, आणि आपण म्हणायचं, तात्पुरतं आहे! जगातला निम्मा अन्याय याच शब्दाच्या आडून चालतो. तात्पुरतं घर, तात्पुरती नोकरी, तात्पुरता पूल. आणि माणसं त्यावर अख्खं आयुष्य काढतात.

बाबांनी जन्मभर बांधकामांवर बांबूच्या परांच्या बांधल्या. इतिहासाच्या पुस्तकांत राजवाड्यांची चित्रं पानोपानी असतात, परांचीचं चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. इमारत उभी राहिली की आधी परांची उतरायची आणि तिच्यामागून बाबा. पण गाठ मारली, की दुसऱ्याला वर चढू देण्याआधी ते स्वतः तिला लोंबकळून बघायचे. आठवतं? तू खाली उभी राहून भोकाड पसरायचीस.

हे सगळं त्या मुलींना सांगितलं. एक म्हणाली, "काका, चहा गार झाला."

तुझा
दादा

•

२६ मार्च

दादा,

मास्तर झालास, बरं झालं. मला शिकवून तुझं पोट कधी भरलंच नाही.

आता भांडण. माझी एक पेशंट शाळेत शिकवते. पडून तिचा वरचा समोरचा दात अर्धा तुटला, हिरडी फाटली. हिरडी भरून येईपर्यंत, म्हणजे दोन महिने तरी, तात्पुरत्या कॅपवर काढायचे आहेत. म्हणून खुर्चीपाशी उरकून न टाकता तुमच्याकडून मागवली. चौथ्या दिवशी हजेरी घेताना ती निघून वहीवर पडली. पहिल्या बाकावरच्या मुलीने उचलून दिली, "बाई, तुमचा दात." वर्ग खोखो हसला. मला बाई म्हणाल्या, "हसले त्याचं काही नाही हो डॉक्टर. मला पुढचं नाव उच्चारता येईना, त्याचं वाईट वाटलं."

मी कॅप भिंगाखाली धरली. मागच्या बाजूला कड आखूड, सुईचं टोक सरळ आत जातं. पुढे तीच कड हिरडीवर चढलेली. नवं माप पाठवते आहे. कोण करतंय हे काम? तू त्याच टेबलावर बसतोस ना?

वहिनीच्या गुडघ्यांचं काय झालं, ते तू लिहीत नाहीस.

चिंगी

•

८ एप्रिल

चिंगे,

त्या माणसाशी बोललो. नवी कॅप डबीत घातली आहे.

त्याची बाजू घेत नाही, पण एक गोष्ट समजून घे. कॅप ज्याची करतो ते अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना अंग चोरतं. आळशी गड्यासारखं सगळीकडून आत सरकतं, आणि उघडी पडते ती कड. तू पाठवलेल्या मापातून आम्ही प्लास्टरचा साचा काढतो. त्या साच्यावर कॅप चपखल बसते, आम्ही समाधानाने डबी बंद करतो. पण साचा म्हणजे दाताचा फोटो. फोटोला घातलेला सदरा माणसाला अंगासरशी बसेलच असं नाही.

तरी त्याचं चुकलंच. मी सांगितलं त्याला.

गुडघे बरे आहेत. अक्षराकडे बघू नकोस, पेन झरतंय.

दादा

•

२९ एप्रिल

दादा,

दुसरी कॅप नऊ दिवस टिकली. पडली नाही, त्याहून वाईट झालं. उघड्या कडेतून लाळ आत झिरपली, सिमेंट विरघळलं. बाईंनी घोटभर गार पाणी घेतलं की डोळ्यांतून पाणी येतं. हिरडी सुजून लाल झाली आहे, फुंकर घातली तरी रक्त येतं. दाताची नस अजून जिवंत आहे. आणखी एकदा असं झालं तर ती मरेल, आणि मग हा दात किती वर्षं साथ देईल, ते मला सांगता येणार नाही. बाई तेहतीस वर्षांच्या आहेत.

तोवर मी घाईघाईने केलेली एक चिकटवली आहे. तीही काही शहाणी नाही.

नवं माप पाठवते आहे, आणि तुमची कॅप परत. डबीत मालकांच्या नावे लाल शाईने चिठ्ठी ठेवली आहे: "या हाताला काम देऊ नये." ती त्यांच्यापर्यंत पोचेल हे तू बघ. मध्ये पडू नकोस. मला तुझा स्वभाव माहीत आहे, कुणी मुसमुसलं की तू झेंडा घेऊन उभा. पण बाबांनी असल्या माणसाला परांची बांधू दिली असती का? तूच सांग.

चिंगी

•

१४ मे

चिंगे,

लॅबच्या संगणकावर दोन बोटांनी टाइप करतो आहे, म्हणजे अक्षराची तक्रार मिटली.

चिठ्ठी पोचली. मालकांनी ती आमच्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचली. त्या माणसाने ती मागून घेतली. त्याला महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बाबांनी बांधू दिली नसती.

डबीत तिसरी कॅप आहे. उघडल्यावर ओरडशील, म्हणून आधीच सांगतो. ती मुद्दाम अपुरी ठेवली आहे. आतून पोकळ केली आहे आणि कड सगळीकडून केसभर आखूड आहे. त्या माणसाने विचार केला, की केसाएवढी कड आपल्याच्याने साधत नाही. मग साच्यावर ती साधायचा हट्ट कशाला? दात जिथे आहे, तिथेच ती का करू नये?

काय करायचं ते नीट वाच. दातावर बोटाने तेलकट मलमाचा हात फिरव. कॅपमध्ये पातळ अ‍ॅक्रिलिक भर आणि दातावर बसव. ते रबरासारखं झालं की काढ, पुन्हा बसव, असं दोन-तीनदा कर, म्हणजे अडकून बसणार नाही. वर पाण्याची धार धर, ते घट्ट होताना तापतं आणि जिवंत दाताला सोसत नाही. मग बाहेर काढून आतल्या कडेने टोकदार पेन्सिल फिरव. रेघ अखंड दिसली तर रेघेपर्यंत घास. जिथे रेघ तुटली, तिथे कड पोचलेली नाही. तिथे थेंबभर पुन्हा भर, पुन्हा बसव. पहिल्या भरणीने चोरलेलं अंग दुसरी भरून काढते, कारण दुसरी थोडीशीच असते आणि थोडं असलं की चोरायलाही थोडंच उरतं.

आणि शेवटी कडेवरून नख फिरव. सुई नको. सुई डॉक्टरची, नख जिभेच्या जवळचं. नख अडलं नाही, तर जीभही अडणार नाही.

एवढं त्या माणसासाठी कर. एकदाच.

दादा

•

२१ मे, सकाळी

दादा,

डबी उघडली आणि डोकं फिरलं. ही कॅप आहे की टरफल? लॅबने अर्धं काम करायचं आणि उरलेलं पेशंटला खुर्चीत बसवून मी करायचं? माझा अर्धा तास कुणाच्या बापाचा? बापाचाच म्हणा, तो तुझाही बाप होता. चिडले आहे, पण बाई बाहेर बसल्या आहेत आणि दुसरं काही हाताशी नाही. बाकीचं संध्याकाळी लिहिते.

संध्याकाळी

पहिली भरणी केली. काढून पेन्सिल फिरवली. रेघ दोन ठिकाणी तुटली. एक मागच्या बाजूला, अगदी तिथेच, जिथे आधीच्या दोन्ही कॅपांत सुई शिरली होती. म्हणजे माझं मापच तिथे फसत होतं, दादा. तिथे हिरडीतून पाझर असतो, मापाचा मसाला पोचतच नाही. तीन वेळा मी तेच चुकलेलं माप पाठवलं आणि तीन वेळा तुमच्या नावाने खडे फोडले.

दुसरी भरणी केली. रेघ अखंड. नख फिरवलं, कुठे अडलं नाही. बाईंनी जीभ फिरवली आणि विचारलं, "बसवली का?" मी म्हटलं, "केव्हाच." त्यांनी स्वतःशीच पाच-सहा नावं उच्चारून पाहिली. पटावरची असणार.

मालकांना हे पत्र दाखव. त्या माणसाची मुदत वाढवायला सांग.

चिंगी

•

२ जुलै

दादा,

तुझं पत्र नाही. तू रुसणाऱ्यातला नाहीस, म्हणून काळजी वाटते. फोन वहिनी उचलते आणि "झोपलेत" म्हणते. तू आणि दुपारचा झोपतोस?

बाईंची हिरडी सहा आठवड्यांत भरून आली. गुलाबी, घट्ट, रक्ताचा थेंब नाही. नस जिवंत आहे, गार पाणी लागत नाही. पक्क्या कॅपचं माप काल घेतलं, पहिल्या फटक्यात स्वच्छ आलं. तात्पुरती नीट बसली, म्हणून पक्की नीट बसेल. मी बावीस वर्षं उलटं समजत होते.

आता मी प्रत्येक तात्पुरती कॅप अशीच करते. खुर्चीपाशी केलेलीसुद्धा. ज्याने हे शोधलं, त्या माणसाचे हात मला एकदा बघायचे आहेत. त्याला सांग, चिठ्ठी लिहिणारी बाई दिसते तेवढी दुष्ट नाही.

चिंगी

•

१४ जुलै

चिंगीताई,

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही त्या माणसाचे हात बघायचे म्हणता. ते मी रोज बघते. सकाळी सदऱ्याची बटणं मी लावते. वरण वाटीतून पिऊन टाकतात, चमचा धरत नाहीत.

दीड वर्ष झालं. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग डावा. डॉक्टरांनी नाव सांगितलं, हा जाणारा आजार नाही म्हणाले. मालकांनी टेबल बदललं ते त्यासाठी. मुलींना शिकवायला वगैरे काही नव्हतं. "पक्क्याला तुमचा हात चालत नाही, तात्पुरत्याला चालेल," असं म्हणाले होते. ते ह्यांना फार लागलं. हात चालत नाही याचं नाही, तात्पुरत्याला चालेल म्हणाले याचं.

तो माणूस म्हणजे हेच. तुमची चिठ्ठी वाचली गेली, तेव्हा त्या दोन्ही पोरींनी माना खाली घातल्या. त्यातली एक घरी येऊन मला सांगून गेली. त्यानंतर पंधरा दिवस हे कोपरं टेबलाला टेकवून, अंगठ्याला अंगठा लावून ती पोकळ कॅप घडवत होते. अकरा मोडल्या. बारावी तुम्हाला पाठवली.

तुमचं मेमधलं पत्र मालकांना दाखवा म्हणून मी हात जोडले. म्हणाले, "बहिणीच्या चिठ्ठीवर गेलेलं काम बहिणीच्या चिठ्ठीवर परत घेणार नाही." एकतीस तारखेला डबा आणि चष्मा घेऊन घरी आले. तुमची लाल चिठ्ठी चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवली आहे. मी फेकायला गेले, तर माझ्यावर ओरडले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, सभेत ओरडणारा हा माणूस घरात कधी ओरडला नव्हता.

तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला कुठे माहीत होतं? पण आता माहीत झालं.

गुडघे दुखतात. ते लिहायचं राहून जातं.

तुमची
वहिनी

•

१६ जुलै

दादा,

झरणारं पेन. दोन बोटांचं टाइपिंग. दुपारची झोप. मला दिसायला हवं होतं. रोज चार माणसांच्या तोंडात भिंग घालून बघणारी मी.

शनिवारी येते आहे. दार तू उघड. ती चिठ्ठी मला परत हवी आहे, तुझ्यासमोर फाडायची आहे.

चिंगी

•

१२ नोव्हेंबर

चिंगे,

हे पत्र मी सांगतो आहे आणि लॅबमधली ती "चहा गार झाला" म्हणणारी मुलगी टाइप करते आहे. रविवारी येते. मध्येमध्ये स्वतःचे शब्द घुसडते. तिला वाटतं मला कळत नाही. (कळतं हे मला माहीत आहे. — मुलगी)

तू सभेत माझ्या जागी बोलणार म्हणतेस. माझा आवाजही आता मागच्या रांगेतून पुढच्या रांगेपर्यंत जात नाही, तेव्हा बोल. पण जुलैमध्ये तू दारात उभी राहून रडलीस आणि चिठ्ठी मागितलीस, मी दिली नाही, त्याचं कारण तेव्हा सांगता आलं नव्हतं. आता सांगतो.

ती कॅप वाईट होती. भाऊ म्हणून तिला चांगली म्हणू नकोस. उघडी कड भावाची असली तरी उघडीच, आणि बाईंची नस मेली असती तर माझ्या आजाराने ती जिवंत झाली नसती. तू कॅप परत पाठवलीस, त्यात तुझं काही चुकलं नाही.

चूक एवढीच, की दुसऱ्या वेळी चिठ्ठीत "ही कड पुन्हा मागच्या बाजूला उघडी आहे" असं तू लिहिलं नाहीस. तसं लिहिलं असतंस, तर मी त्याच संध्याकाळी विचारलं असतं, दोन्ही वेळा त्याच जागी कशी? आणि तुझं फसलेलं माप तीन आठवडे आधी सापडलं असतं. तू कडेबद्दल लिहायचं सोडून हाताबद्दल लिहिलंस. हाताबद्दल लिहिलं की प्रश्न संपतो. मालकांना सोपं जातं, तुला सोपं जातं, आणि कड उघडीच राहते. आपल्या सगळ्या धंद्याचं दुखणं हेच आहे. डॉक्टर लॅबच्या हाताबद्दल लिहितो, लॅब डॉक्टरच्या हाताबद्दल, आणि कडेकडे बघायला कुणाला सवड नाही!

मीही चुकलो. "तो माणूस, तो माणूस" करत राहिलो. हात थरथरतो हे बहिणीला सांगायची लाज वाटली. बाबा गाठीला लोंबकळायचे ते सगळ्या गल्लीच्या देखत. मी माझी गाठ झाकून ठेवली.

सभेत माझं नाव घेऊ नकोस. त्या पद्धतीला माझं नाव तर मुळीच देऊ नकोस. कुणी ना कुणी कुठे ना कुठे असं करतच असेल, फक्त मागच्या रांगेत बसून. भाषण ठोकू नकोस, ते खातं माझं होतं. पत्रं दे आणि एकच गोष्ट सांग. दहा सांगितल्यास तर एकही करणार नाहीत, मी तीस वर्षं दहा सांगून बघितल्या आहेत.

चिठ्ठी मुलीजवळ देतो आहे. फाडू नकोस. सभेत दाखव.

दादा

•

तर ही ती चिठ्ठी. लाल शाई माझी, अक्षर माझं. सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे, जाता-येता वाचा. शेजारी बाईंची ती तात्पुरती कॅप आहे. पक्की बसवली त्या दिवशी मी तिला डब्यात जाऊ दिलं नाही. भिंग ठेवलं आहे. नखही चालेल.

तीस वर्षं तुम्ही त्याला टाळ्या दिल्यात. आज टाळ्या नकोत. भाषण ठोकायचं नाही, असा हुकूम आहे, आणि धाकटीने थोरल्याचं निदान एकदा तरी ऐकावं.

उद्या सकाळी पहिली तात्पुरती कॅप तुमच्या हातात येईल. खुर्चीपाशी केलेली असो वा लॅबची, घाई असो वा नसो, बाहेर पाच पेशंट खोळंबलेले असोत. ती सिमेंटने चिकटवण्याआधी एकदा बाहेर काढा, तिच्या आतल्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा, आणि रेघ जिथे तुटेल तिथे पुन्हा भरा.